सिन्नरची थंडी

दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लावून बसलेल्या मुलांचे दात वाजू लागले, की सिन्नर-निफाडकडे हिवाळा आला असे खुशाल समजावे. अभ्यंगाचे तेल, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीचा तिळगूळ ही सारी आपल्या वाडवडिलांनी थंडीविरुद्ध केलेली तयारीच होय.

सेऊणचंद्र यादवाच्या या जुन्या राजधानीत गोंदेश्वराच्या शिखराने कित्येक शतकांचे हिवाळे पाहिले. परंतु राजांच्या स्वाऱ्या इतिहासाने टिपल्या, तशी हिवाची नोंद कोणी ठेवली नाही. तापमापक आल्यावर ती झाली. जानेवारी १९४५ मध्ये नाशिकचा पारा ०.६ अंशांपर्यंत उतरला. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला तो १.८ वर आला. पारा शून्याच्या वर असतानाही पानांवर दहिवर गोठते, कारण निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली ऊब आकाशात टाकते आणि जमिनीलगतची हवा पुरुषभर उंचीवरच्या हवेहून अधिक गारठते. ही जड हवा पाण्यासारखी उताराने सखल भागात साचते. म्हणूनच सिन्नर उंचावर असूनही खालच्या गोदाकाठच्या निफाडचा कडाका अधिक!

पूर्वी या थंडीचे स्वागत होई. बाजरी घरात आलेली असे आणि गव्हाला थंडी मानवे. निफाडजवळ कुंदेवाडीस गव्हाचे संशोधन केंद्र आहे, ते उगीच नव्हे. पण १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली, पुढे तालुक्यातालुक्यांत मांडव उभे राहिले आणि तीच थंडी वैरीण झाली. छाटणी दिवाळीच्या आगेमागे. मणी भरू लागतात ते नेमके मार्गशीर्ष-पौषात. मग एका रात्रीत मणी तडकतात आणि वर्षाचे कर्ज डोक्यावर राहते.

तेव्हा शेतकरी आकाश पाहून तयारी करतो. विहिरीचे पाणी हवेहून उबदार असते; ते पहाटे बागेला दिले, की ओली जमीन ऊब धरून ठेवते. बांधावर पाचट, काटक्या रचून शेकोट्या पेटतात. पण पाणीच आटले असेल, तर नुसत्या धुरावर भिस्त ठेवावी लागते. देवनदीवरच्या जुन्या बंधाऱ्यांची आणि पाटांची किंमत अशा रात्री कळते.

फाल्गुनात द्राक्षांचा घड ताटात येईल, तेव्हा त्याच्या गोडीत घोंगडी पांघरून बांधावर जागलेल्या कुटुंबाचा वाटा आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.