बायपोलरची शंका आली तर : निदानापर्यंत कसे पोहोचावे

घरातले माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुण सोडत नाही, तेव्हा आपण म्हणतो, "आळस भरलाय." तेच माणूस काही महिन्यांनी दोन तास झोपून दिवसभर धावायला लागले, नवे बेत आखायला लागले, की म्हणतो, "आता गाडी रुळावर आली." ही दोन्ही एकाच आजाराची रूपे असू शकतात. त्याचे मराठी नाव द्विध्रुवीय मनोविकार. पण बोलताना सगळे बायपोलरच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. धाकट्या भावाच्या आजारपणात जे शिकलो आणि नंतर मंडळातल्या एक-दोन कुटुंबांबरोबर दवाखान्यात गेलो तेव्हा जे कळले, ते सभासदांसाठी एका जागी लिहून ठेवतो आहे.

बायपोलर दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, स्कॅनही नाही. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते थायरॉईडसारखे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होते ते हकिकतीवरून. झोपेची गरजच कमी होणे, बोलणे न थांबणे, डोक्यात विचारांची गर्दी, स्वतःविषयी अवास्तव मोठ्या कल्पना, अंदाधुंद खर्च, चिडखोरपणा अशी अवस्था आठवडाभर टिकली आणि तिने कामधंदा, घर विस्कटले तर तो उन्माद. निदान चार दिवस टिकणारी, पण इतके नुकसान न करणारी अवस्था म्हणजे सौम्य उन्माद. नैराश्यासाठी दोन आठवड्यांचे मोजमाप धरतात. उन्माद सौम्य असला तरी आजार सौम्य असतो असे नाही, कारण नैराश्य तितकेच खोल असू शकते.

अडचण अशी की माणूस डॉक्टरकडे जातो तो खचल्यावर. चढत्या काळात त्याला बरे वाटत असते, घरचेही खूश असतात. त्यामुळे डॉक्टरांपुढे अर्धीच हकिकत येते आणि साध्या नैराश्याचे निदान होते.

आमच्याकडे नेमके हेच झाले. भावाला सहा वर्षे नैराश्याचा रुग्ण म्हणून मधून मधून औषध चालू होते. एकदा नैराश्याची नवी गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत त्याने दोन दुकानांचे बाणे देऊन टाकले, रात्रभर फोन, झोप नाही. बायपोलर असलेल्याला नैराश्याची गोळी एकटीच दिली तर उन्माद उसळू शकतो, हे आम्हाला तेव्हा कळले. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले, "असे पूर्वी कधी झाले होते का?" मी ठामपणे नाही म्हणालो. भावजय काही बोलली नाही. पुढच्या वेळी ती घरखर्चाच्या वह्या घेऊन आली. चार वर्षांपूर्वीच्या एका आठवड्यात जुनी मोटारसायकल, हार्मोनियम आणि बारा साड्या! त्याआधीही अशीच दोन पाने. आयुष्यभर लोकांची खाती तपासली, पण घरच्या वहीत हे मला दिसले नव्हते. निदान त्या वह्यांवरून झाले.

म्हणून पहिल्या भेटीला जाताना कागदावर लिहून न्या: कोणत्या वर्षी, किती दिवस, झोप किती तास, खर्च काय, नोकरी किंवा भांडणाचे काय झाले, कोणती औषधे घेतली आणि त्यानंतर काय बदलले. घराण्यात कोणाला "वेड लागले होते", कोणी जीव दिला, हेही सांगा. आजार घराण्यात चालत येऊ शकतो. ज्याने चढती अवस्था पाहिली आहे, ते माणूस बरोबर हवे. पुढे रोज झोपेचे तास आणि मनःस्थिती एका ओळीत लिहीत राहा.

रुग्ण "मला काही झालेले नाही" म्हणाला तर वाद घालू नका. "झोप लागत नाही, तेवढे दाखवून येऊ" एवढ्यावर पुष्कळ जण तयार होतात.

आपल्या वडोदऱ्यात कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, सयाजी रुग्णालयातही मनोविकार विभाग आहे. घरात गुजराती चांगली येत असली, तरी मनातले आपण मराठीतच बोलतो. ते शब्द तसेच सांगा, डॉक्टर अर्थ विचारून घेतात. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतूनही मिळते. जीव देण्याची भाषा ऐकू आली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, माणसाला एकटे सोडू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा.

निदानानंतर लिथियमसारखे औषध सुरू झाले तर रक्तातले प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांची ठरावीक तपासणी चुकवू नये. दुकानातून आपल्या मनाने अंगदुखीची गोळी घेऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी लिथियमचे प्रमाण वाढते. घरात तरुण मुलगी किंवा सून रुग्ण असेल तर गर्भारपणाचा विषय सुरुवातीलाच काढा, कारण व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपाय करते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. २०१८ पासून लागू. त्यानुसार आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक द्यावी लागते. रुग्ण बरा असताना साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. उपचाराचे निर्णय घेताना तो मदत करतो. बँकेतल्या नॉमिनीशी याची गल्लत करू नका, दोन्हींचा काही संबंध नाही.

पैशाचे मात्र माझ्या अधिकारात सांगतो. बरा काळ असतानाच, रुग्णाच्या संमतीने, मोठी रक्कम दोघांच्या सह्यांनीच निघेल अशा संयुक्त खात्यात ठेवा आणि कार्डाच्या मर्यादा कमी करून घ्या. भावाने हे स्वतः सुचवले. चेकबुक भावजयीच्या कपाटात असते, आणि खर्चाची वही आता तो स्वतः लिहितो. शेवटच्या रकान्यात झोपेचे तास.