पाळत आणि वर्दी

आचोळ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. पडद्यावर डावीकडे मजकुराची फाइल, उजवीकडे तयार पान. डावीकडे एक वेलांटी दुरुस्त करून फाइल सेव्ह केली की थोड्याच वेळात उजवीकडचं पान नवं होऊन येतं. हे काम टर्मिनलमधली एका ओळीची आज्ञा करते. फायलींची यादी 'एन्टर' (entr) नावाच्या छोट्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायची आणि सांगून ठेवायचं, यातली कुठलीही बदलली की पान पुन्हा बनव.

ही सोय माझ्याकडे नव्हती तेव्हाची गोष्ट. एका स्मरणिकेत गावाचं नाव 'अचोळे' पडलं होतं. मी ते 'आचोळे' केलं, फाइल सेव्ह केली आणि पीडीएफ पुन्हा न काढता आधीचीच छापखान्यात धाडली. सगळ्या प्रती चुकीच्या नावानं निघाल्या. ते शल्य अजून आहे. पुढे या अवजाराचं कूळ शोधत गेलो, तर मुळाशी याच जातीची चूक निघाली.

१९७६ साल, न्यू जर्सीतली बेल लॅब्स. 'याक' हा प्रसिद्ध प्रोग्रॅम लिहिणारा स्टीव्ह जॉन्सन नशिबाला शिव्या घालत सहकारी स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत शिरला. अख्खी सकाळ त्यानं एका निर्दोष प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे चालणाऱ्या रूपात आणायची, राहिली होती, त्यामुळे चालत होता तो जुनाच प्रोग्रॅम. फेल्डमनची आदली संध्याकाळही काहीशी अशाच घोळात गेली होती. त्याच शनिवार-रविवारी त्यानं 'मेक' लिहिला.

मेकची युक्ती साधी आहे. प्रत्येक फाइलवर शेवटच्या बदलाची वेळ नोंदलेली असते. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा ताजी दिसली तरच पुन्हा बनवायचं, नाहीतर हात लावायचा नाही. कशापासून काय बनतं हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवायचं आणि खालच्या ओळीत, टॅब देऊन, आज्ञा लिहायची. हा टॅब नवशिक्यांना आजही रडवतो, कारण त्या जागी स्पेस दिल्या तर मेक अडून बसतो. फेल्डमननं तेव्हा सोपा मार्ग म्हणून टॅब निवडला होता. काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरू लागले, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. डझनभरांसाठी राखलेला तो नियम पुढे जगभर गेला. २००३ मध्ये फेल्डमनला मेकसाठी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार मिळाला.

पण मेक चालवायची आठवण माणसालाच ठेवावी लागते. माझ्यासारखा विसरला तर तो काय करणार? म्हणून पाळत आली. दर सेकंदाला प्रत्येक फाइलची वेळ तपासत राहायचं, ही तिची पहिली, कष्टाची रीत. हजारो फायली असल्या की संगणक नुसता विचारण्यातच दमतो.

खरा तोडगा कर्नलकडे, म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, होता. फाइल कोणीही बदलो, लिहिणं शेवटी त्याच्याच हातून होतं. मग त्यानंच वर्दी द्यावी. लिनक्स या कार्यप्रणालीतली अशी पहिली सोय, 'डीनोटिफाय', अडचणीची होती. ती पाळतीतलं फोल्डर उघडं धरून ठेवायची, त्यामुळे पेन ड्राइव्ह नीट काढता येत नसे. जॉन मॅककचन आणि रॉबर्ट लव्ह यांचं 'आयनोटिफाय' ऑगस्ट २००५ मध्ये लिनक्स २.६.१३ सोबत आलं आणि ती अडचण गेली. आता प्रोग्रॅम झोपून राहतो, वर्दी आली की उठतो. एरिक रॅडमनचा २०१२ पासूनचा एन्टर लिनक्सवर याच वर्दीवर चालतो.

यात एक बारकी खोच आहे. 'व्हिम'सारखे संपादक पुष्कळदा जुनी फाइल बाजूला सारतात आणि तिच्या नावानं नवीच फाइल ठेवतात. जुनी इमारत पाडून त्याच नावानं नवी उभारावी, तसं. पाळत मात्र जुन्या इमारतीवरच बसलेली असते. भोळा प्रोग्रॅम इथे फसतो आणि पुढचे बदल त्याला कळतच नाहीत. एन्टर ही अदलाबदल ओळखतो आणि नव्या फाइलीवर पुन्हा पाळत बसवतो. त्याच्यावरचा माझा विश्वास इथूनच सुरू झाला.

एन्टर मोफत आहे, उबुंटू लिनक्सवर एका आज्ञेत बसतो. मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका संगणकावर जुळवणाऱ्यांनी तो जरूर वापरून पाहावा, आणि छापखान्यात पीडीएफ धाडण्याआधी तिच्यावरची वेळही एकदा बघावी.