संशोधनातील परिचारिका : नीतिप्रश्न

रुग्णाची शुश्रूषा आणि संशोधनाचे साहाय्य ही दोन कर्तव्ये एकाच परिचारिकेच्या शिरावर येतात, तेव्हा त्यांत जो विरोध उद्भवतो तो प्रस्तुत नोंदीचा विषय होय. नावड्याजवळ खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग-संशोधन संस्था आहे; उपचार आणि औषधचाचणी एकाच आवारात चालणाऱ्या अशा संस्थांत हा विरोध नित्याचाच असतो.

पहिला व सर्वांत नाजूक प्रश्न संमतीचा. 2019 च्या औषधचाचणी नियमांनुसार माहिती देऊन संमती घेण्याची जबाबदारी संशोधकाची असली, तरी डॉक्टरांसमोर मुकाट्याने मान डोलावणारा रुग्ण ते निघून गेल्यावर “सिस्टर, सही करू का?” असे जिला विचारतो, तिच्या एका शब्दाला छापील मसुद्याहून अधिक वजन असते, तिने आग्रह धरला तर ते दडपण ठरते आणि मौन पाळले तर रुग्ण निराधार होतो. निरक्षर रुग्णाच्या अंगठ्यासाठी लागणारा साक्षीदार चाचणीपासून अलिप्त असावा लागतो; तेव्हा त्याच चाचणीत नेमलेल्या परिचारिकेने, वरिष्ठांचा हुकूम असला तरी, त्या जागी सही करणे गैर होय.

दुसरा प्रश्न तुलनागटाचा. 1998 पासून टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी जो अभ्यास केला, त्यात निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका अ‍ॅसिटिक आम्ल लावून तपासणी करीत, तर उरलेल्या वस्त्यांतील स्त्रियांना केवळ आरोग्यशिक्षण मिळे. तपासणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्युप्रमाण 31 टक्क्यांनी घटल्याचे 2013 मध्ये जाहीर झाले. तुलनागटाला तपासणीपासून दूर ठेवण्यावरून मात्र वाद माजला. देशात तशी तपासणी सरसकट उपलब्ध नव्हतीच, हा समर्थकांचा युक्तिवाद अभ्यासाची आखणी करणाऱ्यास पुरेसा वाटला, तरी दारोदार जाऊन त्या स्त्रियांशी बोलणाऱ्या सेविकेच्या मनाचे समाधान त्याने कसे व्हावे?

तिसरा प्रश्न दुष्परिणामांच्या नोंदीचा. चाचणीतील गंभीर दुष्परिणामाची वर्दी संशोधकाने चोवीस तासांत द्यावी, असे बंधन आहे. परंतु रात्रपाळीत हा दुष्परिणाम प्रथम दिसतो परिचारिकेला, आणि तिची नोंद कागदावर उतरली नाही तर पुढची सारी तरतूद निष्फळ होते. वरिष्ठांच्या नाराजीची पर्वा न करता ती नोंद करणाऱ्या परिचारिकेला संस्थेने निःसंदिग्ध संरक्षण दिले पाहिजे.

चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत किमान सात सभासद असावे लागतात. त्यांत वैद्यक, विधी व समाजशास्त्र यांचे जाणकार आणि सामान्य नागरिक यांना जागा आहे, परिचारिकेची नेमणूक मात्र बंधनकारक नाही. ही उणीव नियमांत दुरुस्ती करून भरून काढणे अगत्याचे आहे.