मातीचं घर बांधताय? आधी माती तपासा. काळी माती एकटी चालत नाही

पिंपळगाव रेणुकाई (ता. भोकरदन) : भोकरदन तालुक्यात शेतात काळी माती मुबलक आहे. मात्र ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, तशाच भेगा निव्वळ काळ्या मातीच्या भिंतीलाही पडतात. म्हणूनच जुने लोक घरासाठी पांढरी माती वापरत. माती कोणतीही असो, तपासूनच वापरावी.

बाटलीची तपासणी
वरची हातभर माती बाजूला करून खालची घ्यावी, कारण वरच्या मातीत मुळं, पालापाचोळा असतो. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवावं, मग दिवसभर ठेवावं. तळाला वाळू, मध्ये गाळ आणि वर चिकण माती बसते. वाळूचा थर सर्वात जाड असावा. चिकण भाग साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असला तर माती कामाची. हा अंदाज आहे, म्हणून पुढच्या दोन तपासण्याही कराव्यात.

गोळीची तपासणी
ओल्या मातीच्या 2 सेंटिमीटरच्या पाच-सहा गोळ्या करून 48 तास वाळवाव्यात. अंगठा व तर्जनीत दाबून एकही फुटली नाही, तर मातीत चिकटपणा पुरेसा आहे. सहज चुरा झाला, तर चिकण माती मिसळावी.

भेगांची तपासणी
माती आणि वाळूचं प्रमाण 1:0 पासून 1:3 पर्यंत बदलत वेगवेगळे गारे करावेत. प्रत्येक गारा दोन विटांच्या मध्ये भरावा व 48 तासांनी विटा उघडाव्यात. ज्या गाऱ्याला भेगा नाहीत आणि वाळूही सर्वात कमी आहे, तो निवडावा. मातीच्या घरांसाठीच्या आयएस 13827 या भारतीय मानकातही गोळी व भेगांच्या तपासण्या आहेत.

माती सुधारायची कशी?
चिकण जास्त असेल तर वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम घालावा. गव्हाचा भुसा टाकून गारा पायाने तुडवावा आणि काही दिवस भिजत ठेवावा. भुश्यामुळे भेगा कमी पडतात. काळ्या मातीला विरलेला चुना मानवतो. 100 किलो मातीला साधारण 5 ते 6 किलो चुना घालून आधी दोन-चार विटा करून पाहाव्यात. अशा विटा दोन-तीन आठवडे ओलसर ठेवाव्यात. चुना हाताळताना डोळे व हात जपावेत.

पाया आणि माळवद
पाया काळ्या मातीत न ठेवता खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा. जोतं उंच घ्यावं, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर काढावं. माळवद गळतं म्हणून दरवर्षी नवी माती टाकत गेलं, तर भार वाढतच जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि त्यावरचं जड माळवद कोसळूनच हजारो जीव गेले. म्हणून नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा.