बंदीच्या छायेतून मैदानाच्या मध्यभागी : ब्राझीलच्या फोर्मिगाचे क्रीडाजीवन

क्रीडाक्षेत्रातील विक्रम हे इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाचे झाल्यास त्यांची नोंद करून भागत नाही. तो विक्रम कोणत्या परिस्थितीतून संभवला, हे पाहावे लागते. ब्राझीलच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळणारी मिराइल्देस मासियेल मोता, अर्थात फोर्मिगा, १९९५ ते २०१९ या काळातील सातही विश्वचषक स्पर्धांत खेळली. ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलचा समावेश १९९६ साली अटलांटा येथे झाला. तेव्हापासून २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंतच्या सातही स्पर्धांत तिने भाग घेतला. या दीर्घतेचे वर्णन सामान्यतः शारीरिक क्षमतेचा चमत्कार म्हणून केले जाते. हे वर्णन खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. या दीर्घतेचे दुसरेही एक कारण संभवते, आणि ते ब्राझीलच्या क्रीडासंस्थांना भूषणावह नाही.

ब्राझीलमध्ये स्त्रिया फुटबॉल खेळतच नव्हत्या, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९४० साली रिओ द जानेरोच्या उपनगरांतील स्त्रियांचे संघ साओ पावलो येथील पाकाएम्बू मैदानावर प्रेक्षकांसमोर खेळले होते. त्याच वर्षी एका नागरिकाने अध्यक्ष जेतुलियो व्हार्गास यांना पत्र लिहून या खेळामुळे भावी मातांच्या प्रकृतीस अपाय होईल, अशी भीती व्यक्त केली. १४ एप्रिल १९४१ रोजी निघालेल्या ३१९९ क्रमांकाच्या वटहुकुमातील ५४व्या कलमाने, स्त्रीच्या प्रकृतीशी विसंगत ठरणारे खेळ खेळण्यास स्त्रियांना मनाई केली. त्या कलमात कोणत्याही खेळाचे नाव नव्हते. १९६५ साली, लष्करी राजवटीत, राष्ट्रीय क्रीडा परिषदेने ही उणीव भरून काढली आणि फुटबॉलचा नावानिशी उल्लेख केला. ही बंदी १९७९ साली उठली. खेळाचे रीतसर नियमन होण्यास १९८३ साल उजाडले. इंग्लंडमध्येही १९२१ पासून सुमारे अर्धशतक संलग्न क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद होती. तेथे मनाई क्रीडासंघटनेची होती, ब्राझीलमध्ये ती राज्यसत्तेची होती, हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

फोर्मिगाचा जन्म ३ मार्च १९७८ रोजी बाहिया प्रांतातील साल्व्हादोर शहरी झाला. म्हणजे तिच्या जन्माच्या वेळी, पुढे जो खेळ तिने जन्मभर खेळला, तो तिच्यासाठी निषिद्ध होता. कायदा बदलला तरी लोकरूढी तितक्या लवकर बदलत नाही. मुलीने फुटबॉल खेळू नये म्हणून घरातील भावांनीच आपल्याला कसा विरोध केला, हे तिने पुढे अनेकदा सांगितले आहे. ४१च्या वटहुकुमाचा अंमल संपल्यावरही त्यामागील धारणा घराच्या उंबरठ्याआत टिकून राहिली होती, याचा हा पुरावाच होय.

पोर्तुगीज भाषेत ‘फोर्मिगा’ म्हणजे मुंगी. स्वतःच्या नावाची फिकीर न करता सर्व संघासाठी अखंड राबणारी, या अर्थाने हे टोपणनाव तिला लहानपणीच मिळाले. मधल्या फळीतील खेळाडूचे काम असेच असते. प्रतिपक्षाचा चेंडू अडविणे, तो आघाडीच्या खेळाडूंपर्यंत पोचविणे आणि चाल फसताच बचावासाठी मागे धावणे, या तिन्ही क्रिया गोलांच्या कोष्टकात दिसत नाहीत. ब्राझीलच्या संघात गोलांची कीर्ती मार्ता आणि क्रिस्तियाने यांच्या वाट्यास आली, ती योग्यच होती. तथापि त्या कीर्तीचा पाया ज्या श्रमांवर उभा होता, त्यांचा मोठा वाटा फोर्मिगाचा होता.

१९९५ साली स्वीडनमध्ये ती प्रथम विश्वचषकात उतरली, तेव्हा तिचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. ब्राझीलने यजमान स्वीडनला १-० असे हरविले, परंतु जपान आणि जर्मनी यांच्याकडून पराभूत होऊन तो संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. १९९९ साली संघास तिसरे स्थान मिळाले. २००४ च्या अथेन्स आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदके मिळाली. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात अमेरिकेने जादा वेळेत विजय मिळविला. २००७ च्या विश्वचषकात उपान्त्य फेरीत अमेरिकेचा ४-० असा पाडाव करून ब्राझीलने अंतिम सामना गाठला. तेथे जर्मनीने त्यांना २-० असे नमविले. २०१५ साली दक्षिण कोरियाविरुद्ध गोल करून, सदतिसाव्या वर्षी, ती महिला विश्वचषकात गोल करणारी तोपर्यंतची सर्वांत वयस्क खेळाडू ठरली. स्वीडन, अमेरिका व फ्रान्स येथील क्लबांकडूनही ती खेळली. २०२०-२१ च्या हंगामात लियाँची सलग चौदा अजिंक्यपदांची मालिका खंडित करणाऱ्या पॅरिस सेंट-जर्मेनच्या संघात तिचा समावेश होता.

या कारकिर्दीतील विचारप्रवर्तक घटना मात्र एखादा विजय अथवा पराजय नसून एक पुनरागमन आहे. डिसेंबर २०१६ मध्ये मानाउस येथे इटलीविरुद्धच्या सामन्यानंतर फोर्मिगाने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला होता. पुढच्याच वर्षी संघाची पहिली स्त्री-प्रशिक्षक एमिली लिमा हिला पदावरून दूर करण्यात आले आणि निषेधार्थ काही खेळाडूंनी संघ सोडला. २०१८ साली, वयाची चाळिशी गाठलेली फोर्मिगा कोपा अमेरिका स्पर्धेसाठी संघात परतली. २०१९ च्या विश्वचषकातही, एकेचाळिसाव्या वर्षी, मधल्या फळीचा भार तिच्यावरच होता. ज्या देशात स्त्रियांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सध्याच्या स्वरूपात २०१३ साली सुरू झाली, तेथे तिची जागा घेणारी पिढी वेळेवर तयार झाली नाही, यात आश्चर्य नाही. अशा रीतीने एकाच विक्रमातून दोन गोष्टी वाचता येतात : व्यक्तीची चिकाटी आणि संस्थेची अनास्था. पहिलीचा गौरव करताना दुसरी झाकली जाणार नाही, ही दक्षता इतिहासकाराने घेतली पाहिजे.

दुसरा आणि अखेरचा निरोपही मानाउस येथेच झाला. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या या सामन्यात प्रतिपक्ष भारताचा होता. मनीषा कल्याण हिने भारताचा एकमेव गोल केला. ब्राझीलने ६-१ असा विजय मिळविला. उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरलेल्या फोर्मिगाचा राष्ट्रीय संघाकडून हा शेवटचा सामना. मे २०२४ मध्ये २०२७ च्या महिला विश्वचषकाचे यजमानपद ब्राझीलला देण्यात आले. बंदी उठल्यापासून या मानापर्यंतचे अंतर पंचेचाळीस वर्षांचे आहे, आणि त्यांपैकी सव्वीस वर्षे ही एकच खेळाडू राष्ट्रीय संघाच्या इतिहासाशी निगडित होती. फोर्मिगाचे चरित्र हे केवळ एका खेळाडूचे चरित्र राहत नाही ते याचमुळे. कायद्याने दिलेली मोकळीक प्रत्यक्ष संधीत रूपांतरित होण्यास किती काळ लागतो, आणि तो मधला काळ कोणाच्या श्रमांवर निभावला जातो, याचा तो एक विश्वसनीय दस्तऐवज आहे.