पगाराची तारीख आणि सावकाराचे दार

गिरणी कामगार कर्जबाजारी का, याचे ठरलेले उत्तर म्हणजे त्याचा उधळेपणा. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

मनिऑर्डर १८८० मध्ये आली, टपाल खात्याची बचत बँक १८८२ मध्ये. पोटाला चिमटा घेऊन रत्नागिरी-साताऱ्याला मनिऑर्डर करणाऱ्या माणसाला काटकसर शिकवावी लागत नव्हती. त्याचे दुखणे पगाराच्या तारखेत होते. अनेक गिरण्यांत सरलेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर हाती पडे. नव्या कामगाराचे पहिले सहा आठवडे उधारीवरच जात: वाण्याकडे, खाणावळीत, शेवटी सावकाराच्या दारात. रुपयामागे महिना एक आणा व्याज म्हणजे सालाला ७५ टक्के. पगाराच्या दिवशी वसुलीवाला गिरणीच्या फाटकाशीच उभा असे. मग बचत खात्यात टाकायचे काय?

१९३६च्या वेतन कायद्याने हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यांना ७ तारखेची, मोठ्यांना १० तारखेची मुदत घातली. पगाराऐवजी माल गळ्यात मारला जाऊ नये म्हणून रोखीचीही सक्ती केली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना बँकेच्या कर्जाची वाट खुली झाली. कामगाराच्या लेखी संमतीशिवायही पगार थेट खात्यात भरण्याची मुभा मालकांना २०१७ मध्ये मिळाली. तोवर बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले होते.

आज कामगारांची खाती उघडल्याचे आकडे मोजले जातात. त्यांच्याशेजारी पगार कोणत्या तारखेला जमा होतो, हेही मांडले पाहिजे.