पाँपेईच्या भिंतींवरील निवडणूक-लेख व ‘चांगला पाव’

इटलींतील पाँपेई हें नगर इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथील एका घरांत १९३८ सालीं जी हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ति निघाली, तिच्याशीं साम्य असलेल्या मूर्ति आपल्याकडे तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत; तेव्हां त्या नगराचें नांव आमच्या वाचकांस अगदींच परकें नाहीं. येथें मात्र मूर्तीविषयीं नव्हे, भिंतींविषयीं लिहावयाचें आहे.

या भिंतींवर तांबड्या किंवा काळ्या रंगानें लिहिलेले अडीच हजारांहून अधिक निवडणूक-लेख सांपडले आहेत. त्यांपैकीं पुष्कळांचे पाठ त्सांगेमाइस्टर यानें १८७१ सालीं लॅटिन लेखांच्या महासंग्रहाच्या चौथ्या खंडांत छापले. नगराचे दोन मुख्य अधिकारी व त्यांच्या खालचे दोन ‘एदील’ दरवर्षीं मतानें निवडले जात. रस्ते, सार्वजनिक इमारती व बाजार यांवर एदिलांची देखरेख असे. वेतन कोणासच नसे. उलट पदरचा पैसा खर्चावा लागे.

लेखांचा सांचा ठरलेला आहे. अमक्यास निवडा अशी विनंती आद्याक्षरांनीं दर्शवावयाची, आणि फार तर ‘भला माणूस’, ‘नगरकार्यास योग्य’ अशी पुस्ती जोडावयाची. शिफारस करणारे मात्र पाहण्यासारखे आहेत. कुस्पियुस पान्सा यास समस्त सोनार उचलून धरतात, होल्कोनियुस प्रिस्कुस यास समस्त फळविके, यूलियुस पोलिबियुस यास खेचरें हांकणारे. व्हातिया नामक उमेदवारामागें तर भुरटे चोर व रात्रीं उशीरापर्यंत पिणारे उभे आहेत. ही प्रतिपक्षाची थट्टा असावी. या धंदेवाल्यांचा स्वार्थ आपण ताडूं शकतों, पण वरील लेखांत त्यांनीं तो शब्दानें सांगितलेला नाहीं. नासिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवलेले तीन हजार कार्षापण व त्यांचे व्याजाचे दर स्पष्ट खोदलेले आहेत, तसा तपशील येथें शोधूं नये.

अर्थव्यवहाराचा उघड शब्द असलेले दोन लेख आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिल्यांत पोलिबियुस यास एदील करावें अशी विनंती करून पुढें ‘पानेम् बोनुम् फेर्त्’ असे तीन शब्द आहेत. (आपला ‘पाव’ हा शब्दहि पोर्तुगीजांमार्फत याच ‘पानिस्’ पासून आला आहे.) याचा अर्थ ‘तो चांगला पाव देईल’ असा करून पोलिबियुसानें मतांसाठीं अन्नाचें आमिष दाखविलें, असें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें. मुलें हंसत, आम्हांसहि बरें वाटे. आज तें आम्ही परत घेतों.

कारण ‘फेर्त्’ हें रूप वर्तमानकाळचें आहे. लॅटिन ‘फेर्’ व आपला ‘भृ’ हे सगोत्र धातु. ‘भरति’ म्हणजे वाहून आणतो. ‘आणील’ म्हणावयाचें असतें तर ‘फेरेत्’ लिहिलें असतें, आणि फरक एका स्वराचाच असल्यानें जागेची अडचण होती असेंहि म्हणतां येत नाहीं. तेव्हां हें भावी वचन नसून, आज जें घडत आहे त्याचा दाखला देऊन मत मागितलें आहे. तो पाव पोलिबियुस स्वतःच्या भट्टींतला विकत होता, कीं नगरास पुरवीत होता, हें या तीन शब्दांवरून ठरत नाहीं. तो भटारी होता असें कोणी म्हणतात, पण एवढ्या आधारावर तें आम्हांस मान्य नाहीं.

दुसरा लेख गेनियालिस नांवाच्या इसमाचा. ब्रुत्तियुस बाल्बुस यास मुख्य अधिकारी करा, ‘हा खजिना राखील’, असें तो लिहितो. आणि येथें क्रियापद ‘कोन्सेर्व्हाबित्’, स्पष्ट भविष्यकाळी. म्हणजे त्या काळच्या चितारी हातास दोन्ही काळ ठाऊक होते व तो ते जाणून वापरी. इ. स. ६२ च्या सुमारास मोठा भूकंप होऊन नगराची पडझड झाली होती व अखेरपर्यंत दुरुस्त्या चालूच होत्या. अशा वेळीं नगराचा पैसा राखण्याचें वचन मतदारास पावापेक्षां कमी गोड लागलें नसावें, असा आमचा तर्क आहे. हा लेख त्याच वर्षांतला असेलच असा आमचा आग्रह नाहीं. पोलिबियुसाच्या लेखाचें भाषांतर मात्र यापुढें ‘चांगला पाव आणतो’ असेंच छापावें.